उपरोधाची मर्यादा: आरेन्ट आणि शोलेम

हाना आरेन्ट यांचे 'आइखमान इन जेरुसलेम' १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर गेर्शोम शोलेम यांनी लिहिलेल्या पत्राची चर्चा बहुधा नात्झींनी नेमलेल्या ज्यू मंडळांच्या वर्तनापाशीच घोटाळते. शोलेम यांचा आक्षेप शैलीलाही आहे. या लेखनात 'अहवत यिस्राएल', म्हणजे ज्यू लोकांविषयीचे ममत्व, आढळत नाही आणि अशा विषयाला उपरोध शोभत नाही, असे ते म्हणतात. आपले प्रेम व्यक्तींवर असते, जनसमूहावर नव्हे, हे आरेन्ट यांचे उत्तर बाणेदार खरे. परंतु सुराचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आइखमानच्या संदर्भात उपरोध हे आकलनाचेच साधन ठरते. ठरीव वाक्प्रयोगांपलीकडे ज्याला बोलता येत नाही, त्याची विचारशून्यता त्याच्या भाषेतूनच पकडावी लागते. १९५१ मध्ये दुष्टतेला मूलगामी मानणाऱ्या आरेन्ट पुढे तिच्या क्षुद्रतेविषयी बोलू लागल्या, त्यात या भाषिक निरीक्षणाचा वाटा मोठा आहे. (हा बदल शोलेम यांनी अचूक हेरला होता.)

तोच सूर मंडळांतील माणसांना लावला, की मात्र तो अन्याय्य होतो. त्यांच्यापुढचे पर्याय मारेकऱ्यांनी आखलेले होते. वॉर्साच्या मंडळाचे प्रमुख आडाम चेर्नियाकोव यांनी हद्दपारीच्या हुकमावर सही नाकारून जुलै १९४२ मध्ये आत्महत्या केली. त्यांची रोजनिशी १९६८ मध्ये छापली गेली; आरेन्ट यांच्यापुढे ती नव्हती. तिच्यात दिसतात ते जर्मन अधिकाऱ्यांच्या दारी रोज घातलेले हेलपाटे.