अध्येत्याचे लेखन आणि त्याची पीडीएफ प्रत

शिक्षणक्रमात अध्येत्याने स्वतः लिहिलेल्या मजकुराचे पुढे काय होते, हा प्रश्न वहीच्या काळात फारसा उद्भवत नसे. वही तपासून परत येई आणि अध्येत्याच्या घरी राही. ऑनलाइन अभ्यासक्रमात उत्तर एका चौकटीत लिहिले जाते व संस्थेच्या संगणकावर साठते. प्रवेशाची मुदत संपली की ते लिहिणाऱ्याच्याच हाती उरत नाही. म्हणूनच त्याच्या मजकुरापासून पीडीएफ प्रत तयार करून ती उतरवून घेऊ देण्याची पद्धत स्वागतार्ह होय. परंतु मराठी लेखनाच्या बाबतीत ही प्रत कितपत विश्वसनीय असते, याची चिकित्सा अवश्य व्हावयास हवी.

अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ साली प्रचारात आणलेल्या आणि २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या पीडीएफचा गुण असा की, पृष्ठ सर्वत्र सारखेच दिसते. तिची मर्यादाही येथेच आहे. ती अक्षरांची आकृती जपते. अक्षरांचा क्रम जपेलच असे नाही. रोमन लिपीत या दोहोंत सहसा अंतर पडत नाही. देवनागरीत ते पडते. युनिकोडमध्ये आधी व्यंजन व मग ऱ्हस्व वेलांटी साठविली जाते. कागदावर मात्र वेलांटी आधी येते. हा फेर करणारी व जोडाक्षरे जुळविणारी व्यवस्था पीडीएफ बनविणाऱ्या साधनात असावी लागते. मूडल या प्रसिद्ध अध्यापनप्रणालीत वापरल्या जाणाऱ्या टीसीपीडीएफ या साधनात ती नाही. परिणामी ‘शिक्षण’ हा शब्दच मोडतो: वेलांटी ‘श’ला सोडून पुढच्या ‘क’ला चिकटल्यासारखी दिसते आणि ‘क्ष’ फुटून पाय मोडका ‘क’ व ‘ष’ सुटे उभे राहतात.

यावर काही ठिकाणी पृष्ठाचे चित्रच काढून पीडीएफमध्ये बसविले जाते. अक्षरे शुद्ध दिसतात. पण त्या मजकुरात शब्द शोधता येत नाही, त्यातील उतारा पुढच्या लेखनात घेता येत नाही, आणि अंध अध्येत्याचे वाचनसाधन त्यापुढे मुके होते. एक दोष झाकण्यासाठी दुसरा पत्करण्याचाच हा प्रकार होय.

हा केवळ तंत्रज्ञांचा विषय आहे, असा आक्षेप येईल. तो ग्राह्य नाही. देवनागरीची जुळणी करणारे हार्फबझ हे साधन मुक्तपणे उपलब्ध असून क्रोम व फायरफॉक्स या न्याहाळकांत ते वापरातही आहे. उपाय उपलब्ध असता तो न योजणे हा अभ्यासक्रम रचणाऱ्याचा निर्णय ठरतो, आणि निर्णयाची समीक्षा शिक्षणशास्त्राच्या कक्षेत येते.

गारगोटीस मौनी विद्यापीठ उभारणारे जे. पी. नाईक यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणाचा हाती न लागणारा त्रिकोण मांडला. ऑनलाइन अभ्यासक्रमाने संख्येची बाजू निश्चितच लांबविली आहे. परंतु एकाच अभ्यासक्रमात इंग्रजीतून लिहिणाऱ्यास अखंड प्रत मिळावी आणि भुदरगड तालुक्यातील शाळेचे निरीक्षण मराठीत नोंदविणाऱ्या शिक्षकास मोडक्या अक्षरांची मिळावी, हे समतेच्या बाजूचे उणेपण आहे. ज्याचे लेखन त्यालाच वाचता येत नाही, त्याच्या बाबतीत गुणवत्तेची भाषाही पोकळ ठरते.

अशा प्रतीची कसोटी सोपी आहे. तिच्यातील एक परिच्छेद उचलून कोऱ्या पानावर उतरवावा व मूळ लेखनाशी ताडून पाहावा. वेलांटी, रफार व जोडाक्षरे जागच्या जागी असतील, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील भेद टिकला असेल, तरच ती प्रत ग्राह्य मानावी. तोवर पीडीएफसोबत साध्या मजकुराची धारिकाही देणे, हे संस्थेचे किमान कर्तव्य होय.