पिशवीला वेळ देणारे हात

विंझर गावाहून पुण्याकडे निघालं की मार्गासनी, नसरापूर आणि मग महामार्ग. मोठी रक्तपेढी आहे ती त्या रस्त्याच्या शेवटी, शहरात. आणि दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त खेळत असतं. हे अंतर आणि हा वेग ध्यानात ठेवून सिझेरियन पाहावं. बाळ बाहेर येण्याचा क्षण सगळ्यांनाच आवडतो. माझं मन मात्र त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या हालचालींत रमतं.

पहिली हालचाल छेदाची. पूर्वी पिशवीच्या वरच्या जाड स्नायूवर उभा छेद घेत. ग्लासगोच्या मन्रो कर यांनी १९२०च्या दशकात खालच्या भागावरचा आडवा छेद रूढ केला. तो भाग पातळ, तिथे रक्तस्राव कमी. सुरीने छोटीशी वाट करायची आणि पुढचं काम बोटांवर सोपवायचं. बोटं ताण देतात वर-खाली, फट मात्र रुंदावते आडवी! कडेला गर्भाशयाच्या मोठ्या धमन्या असतात. असा ताण दिला की फाट त्यांच्या दिशेने भरकटण्याची शक्यता कमी होते. धारदार कात्री हाताशी असताना बोटं वापरण्यातला हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

मग वार. आत हात घालून ती खरवडून काढता येते, पण त्यात रक्त जास्त जातं. जाणता सर्जन ऑक्सिटोसिन देतो, नाळेला हलका ताण ठेवतो आणि थांबतो. पिशवीचे स्नायूतंतू एकमेकांत विणलेले असतात आणि वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्या विणीतूनच जातात. पिशवी आवळली की वीण घट्ट होते, वाहिन्या जागच्या जागी दाबल्या जातात. रक्त थांबवते ती पिशवी; सर्जन तिला वेळ देतो. पुढे टाके येतात. तेही गृहीत धरण्यासारखे नाहीत: लाइपझिगच्या झेंगर यांनी १८८२मध्ये पिशवी नीट शिवण्याचा आग्रह धरला, त्याआधी ती बहुधा न शिवताच आत ठेवत.

आणि पिशवी आवळलीच नाही तर? १९९७मध्ये ख्रिस्तोफर बी-लिंच यांनी प्रसिद्ध केलेला टाका इथे येतो. दप्तराच्या पट्ट्यांसारखा धागा पिशवीच्या दोन्ही खांद्यांवरून पुढून मागे, मागून पुढे नेऊन ओढतात. त्याआधीची चाचणी तर अप्रतिम. पिशवी दोन्ही हातांत धरून दाबायची आणि रक्त थांबतं का ते पाहायचं. थांबलं तर टाकाही थांबवेल. हातांनी जे करून पाहिलं, तेच धागा पुढे करत राहतो, आणि पिशवी वाचते.

औषधांत ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड मला सर्वांत जवळचं. त्याचा शोध जपानच्या उताको ओकामोटो आणि त्यांच्या पतीने लावला. वीस हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासाने २०१७मध्ये दाखवलं, की प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झाला तर तीन तासांच्या आत दिलेलं हे इंजेक्शन रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी करतं. लांबच्या गावांसाठी हे तीन तास फार महत्त्वाचे.

२०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा बाईचं अर्धा लिटर रक्त धडधाकट बाईच्या अर्ध्या लिटरइतकं स्वस्त नसतं. तिच्यासाठी ही शस्त्रक्रिया टेबलावर सुरू होत नाही. आशाताई लोहाच्या गोळ्यांची पहिली पट्टी हातात ठेवतात, तिथेच ती सुरू झालेली असते.