जॉर्जटाउनच्या कला : वास्तू राखल्या, प्रेक्षक पांगला

मलेशियातील पेनांग बेटावरचे जॉर्जटाउन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटने १७८६ मध्ये वसवलेले बंदर. व्यापाराच्या निमित्ताने दक्षिण चीनमधले होक्कियन व तिओच्यू, कोरोमंडल किनाऱ्यावरचे तमिळ मुसलमान आणि हिंदू, सुमात्रातले मलय, सयामी, अरब, आर्मेनियन असे लोक येथे आले. कापितान केलिंग मशिदीच्या परिसरात थोड्याच अंतरावर क्वान यिन देवीचे मंदिर, १८३३ चे श्री महामारियम्मन देवालय आणि १८१८ चे सेंट जॉर्ज चर्च उभे आहे. या स्थळांच्या उत्सवांनी शहरातल्या कलांना रंगमंच, आश्रयदाते आणि प्रेक्षक पुरवले. उत्सव एका समाजाचा असला तरी खेळ रस्त्यावर होत असे आणि तो पाहायला सगळा मोहल्ला जमत असे. येथल्या कला एकमेकींकडून घेत वाढल्या त्या यामुळेच.

बांग्सावान हे मलय संगीतनाट्य त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या पारशी नाटक कंपन्या पेनांगपर्यंत दौरे करू लागल्या. त्यांचे रंगवलेले पडदे, भरजरी पोशाख, पेटी-तबल्याची साथ आणि गाण्यांनी पुढे सरकणारे कथानक स्थानिक कलावंतांनी उचलले आणि संवाद मलय भाषेत आणले. महाराष्ट्रात संगीत नाटक मूळ धरत होते, त्याच १८८० च्या दशकात पेनांगमध्ये पहिली बांग्सावान मंडळी उभी राहिली. अरबी, फारसी, भारतीय व चिनी कथांपासून शेक्सपिअरपर्यंत कोणताही विषय तिला वर्ज्य नव्हता. लिखित संहिता नसे. कथेचा आराखडा ठरवून नट आयत्या वेळी संवाद रचत. पुढे बोलपटाने तिचा प्रेक्षकही नेला आणि नटही. बी. एस. राजहंस यांनी सिंगापुरात केलेल्या ‘लैला मजनून’ या सुरुवातीच्या मलय बोलपटात बांग्सावानचेच कलावंत होते. १९७० नंतर सरकारी आश्रयाने या नाटकाचे पुनरुज्जीवन झाले. मात्र ‘पारंपरिक मलय नाट्य’ म्हणून. संगीताच्या अभ्यासक तान सुई बेंग यांनी या बदलाची साक्षेपी नोंद केली आहे. दरबारी मलय कथांना अग्रस्थान मिळाले, संहिता बांधील झाली आणि मूळची सर्वसंचारी वृत्ती मागे पडली. प्रयोग टिकला, पण त्याची प्रकृती पालटली.

बोरियाची वाट निराळी. मद्रासकडून आलेल्या मुसलमान सैनिकांच्या मोहरमच्या प्रथेतून हा प्रकार पेनांगमध्ये रुजला. मोहरमच्या दिवसांत वेगवेगळी सोंगे घेतलेली पथके घरोघर जात. म्होरक्या कडवे म्हणे, बाकीचे ध्रुपद उचलत आणि सोबत एक विनोदी प्रवेश होई. व्हायोलिन, तबला आणि झांजा ही मुख्य साथ. शोकाचा धार्मिक संदर्भ गळून पडला आणि बोरिया शहराचे लोकरंजन बनले. आज ते स्पर्धा, दूरचित्रवाणी आणि शासकीय समारंभ यांच्या आधाराने तगून आहे. या आश्रयामुळे पथके टिकली हे खरे. परंतु प्रचाराचे विषय वरून ठरवून मिळू लागले, की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खोड्या काढणारी जुनी मोकळीक आकसते.

चिनी संगीतनाट्य आणि बाहुलीनाट्य यांचा पहिला प्रेक्षक देव. खू कोंग्सी या कुलसंस्थेत रंगमंच मंदिरासमोर, देवाला प्रयोग दिसेल असाच बांधलेला आहे. चांद्र पंचांगातल्या सातव्या महिन्यात, भुकेल्या पितरांच्या सणाला, गल्लोगल्ली तात्पुरते मंच उभे राहतात. होक्कियन लोकांचे पोतेही हे हातमोज्यासारख्या बाहुल्यांचे नाट्य आणि तिओच्यूंचे बाहुलीनाट्य या दिवसांवर जगत आले. आता अनेक ठिकाणी झगमगत्या मंचावरच्या लोकप्रिय गाण्यांनी त्यांची जागा घेतली आहे. पोतेहीची बोली आणि पाठांतराची परंपरा नव्या पिढीला अवघड जाते. तरीही ‘ओम्बाक पोतेही’ या तरुणांच्या गटाने जुन्या कलावंतांकडून बाहुली चालवणे आणि वादन शिकून पेनांगच्याच कथांवर प्रयोग उभे केले. परंपरेला हात न लावता ती जपावी, या समजुतीला हे चांगले उत्तर आहे.

या साऱ्यांच्या आजच्या स्थितीचे एक मूळ भाड्याच्या कायद्यात सापडते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भाडेनियंत्रणामुळे शहराच्या गाभ्यातल्या दुकान-घरांत अल्प भाड्याने कुटुंबे राहत आणि खालच्या मजल्यावर पाट्या कोरणारे, उदबत्त्या वळणारे, वेताचे काम करणारे, मण्यांचे जोडे शिवणारे कारागीर बसत. २००० च्या आरंभी हे नियंत्रण संपले. भाडी चढली आणि जुने रहिवासी, म्हणजेच या खेळांचा प्रेक्षक, बाहेर पडू लागले. २००८ मध्ये मेलाकासह जॉर्जटाउन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, तेव्हा वास्तूंना संरक्षण मिळाले, पण भाडेकरूंना मिळाले नाही. दुरुस्त झालेल्या कितीतरी घरांत हॉटेले आणि कॅफे आले.

वारसा यादीतल्या समावेशानंतर २०१० पासून जॉर्जटाउन महोत्सव सुरू झाला. त्याने शहरात दर्जेदार प्रयोग आणले आणि स्थानिक कलावंतांना मोठा मंच दिला, हे त्याचे निर्विवाद श्रेय. २०१२ च्या महोत्सवासाठी अर्नेस्ट झखारेविच यांनी रंगवलेली भित्तिचित्रे जगभर गाजली. सायकलवरच्या मुलांच्या चित्रापुढे पर्यटकांच्या रांगा लागल्या. मात्र त्या रांगेतून बाहुलीनाट्याला प्रेक्षक मिळतोच असे नाही. महोत्सवातला निवडक तुकडा तासाभरात संपतो, तर सणातला खेळ रात्रीमागून रात्री चालतो आणि नवशिक्याला तेथेच तालीम मिळते. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

म्हणून शिक्षणावर भर देणारे काम अधिक मोलाचे ठरते. जॅनेट पिल्ले यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘आर्ट्स-एड’ने शाळकरी मुलांना कारागिरांकडे आणि कलावंतांकडे नेले, वेगवेगळ्या समाजांतील मुलांना एकत्र बसवून शहराच्याच गोष्टींवर काम करायला लावले. एरवी प्रत्येक कला एकेका समाजाच्या खात्यात टाकण्याकडे शासन आणि पर्यटन या दोहोंचा कल असतो. या मुलांना मात्र कलांमधली जुनी देवघेव पुन्हा अनुभवायला मिळते.

जॉर्जटाउनच्या कला नामशेष झालेल्या नाहीत. ज्या कलेला सणाचे स्थान, शिकणारा वर्ग आणि नवे रचण्याची मुभा या तीनही गोष्टी आहेत, ती सशक्त आहे; ज्या कलेपाशी केवळ अनुदान आणि वारशाचे बिरुद उरले आहे, ती दिखाऊ होत चालली आहे. कारागीर आणि रहिवासी यांना परवडणाऱ्या भाड्यात गाभ्यात राहता येईल अशी तरतूद हे वारसा-धोरणाचे पहिले कलम व्हायला हवे. शेजार टिकला, तरच येथल्या कलांना एकमेकींकडून घेण्यासारखे काही उरेल.