हरवलेले जग खरोखर परत मिळाले का?

‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’. शब्द दोनच, फक्त प्रत्ययाची जागा बदलली. पहिला आपला काका आणि दुसरे आपलेच बाबा, हे चौथीतले मूलही सांगेल. पण १९४३ साली उरल भागातील एका लष्करी रुग्णालयात २३ वर्षांचा एक तरुण अधिकारी या प्रश्नापुढे हतबल झाला होता. ‘वडील’ म्हणजे काय ते त्याला कळे, ‘भाऊ’ म्हणजे काय तेही कळे. त्या दोघांना जोडणारे नाते मात्र हाती लागत नसे. युद्धापूर्वी हाच तरुण तंत्रशिक्षण संस्थेत चौथ्या वर्षाला शिकत होता!

त्याचे नाव लेव झासेत्स्की. २ मार्च १९४३ रोजी स्मोलेन्स्कच्या आघाडीवर बंदुकीची गोळी त्याच्या कवटीत डाव्या बाजूला, मागच्या भागात शिरली. त्याच्यावर उपचार करणारे आणि पुढे पाव शतकाहून अधिक काळ त्याच्याशी संबंध ठेवणारे मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया (१९०२–१९७७) यांनी त्याची हकीकत १९७१ साली मॉस्कोत प्रसिद्ध केली. दुसऱ्याच वर्षी इंग्रजी अनुवाद निघाला. पुस्तक लहान आहे, भाषा सोपी आहे, आणि मेंदूविषयी शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी वाचावे असे आहे. मात्र ते डोळसपणे वाचायला हवे.

पुस्तकाची रचना वेगळी आहे. निम्म्याहून अधिक मजकूर रुग्णाचा आहे. झासेत्स्कीला वाचता येईना, अक्षरे आठवेनात. लिहायला बसला की अक्षराचा आकारच सुचत नसे. एक दिवस डॉक्टरांनी सांगितले, “अक्षरांचा विचार करू नका. हात न उचलता शब्द एका दमात लिहा.” त्याने ‘रक्त’ हा शब्द लिहिला, आणि तो बरोबर होता! आपण वळणदार सही करतो तेव्हा एकेका अक्षराचा विचार करत नाही. सवयीने हात चालतो. ती सवय शाबूत होती, अक्षरांची ओळख मात्र गेली होती. म्हणजे लिहिणे आणि वाचणे ही एकाच कौशल्याची दोन टोके नव्हेत. लिहिलेले स्वतःला नीट वाचता येत नसतानाही या माणसाने पंचवीस वर्षांत सुमारे ३००० पाने लिहिली. ‘मी लढत राहीन’ असे नाव त्याने आपल्या वहीला दिले होते.

त्याच्या नजरेची उजवी बाजू गेली होती. बसल्या बसल्या आपले डोके टेबलाएवढे झाले आहे आणि हातपाय चिमुकले झाले आहेत, असे त्याला वाटे. गावातल्या रस्त्यावर तो वाट चुके. लाकडे फोडताना कुऱ्हाडीचा घाव भलतीकडेच पडे. लुरिया याचे कारण उलगडून सांगतात. डोळा, कान आणि त्वचा यांच्याकडून आलेल्या संदेशांचा मेळ जिथे घातला जातो, नेमका तोच भाग गोळीने उद्ध्वस्त केला होता. वर-खाली, डावे-उजवे, मोठे-लहान हे संबंध तिथे जुळतात. ‘वडिलांचा भाऊ’ समजायलाही असाच संबंध मनात मांडावा लागतो. रशियन भाषेतही आपल्यासारखाच हा फरक विभक्तीच्या प्रत्ययाने दाखवतात, म्हणून मराठी वाचकाला ही अडचण चटकन पटते. याउलट मेंदूचा पुढचा भाग शाबूत होता. त्यामुळे आपले काय गेले हे त्याला पुरते कळत होते, आणि ठरवलेल्या कामाला चिकटून राहण्याची जिद्दही उरली होती. लुरियांची ही मांडणी विज्ञानलेखनाचा उत्तम नमुना आहे.

आता उणिवांकडे वळू. पहिली उणीव नावापासून सुरू होते. रशियन नावाचा अर्थ ‘हरवलेले आणि परत मिळालेले जग’. इंग्रजीत त्याचे ‘भंगलेल्या जगाचा माणूस’ झाले. ‘परत मिळालेले’ गळाले. अनुवादाने मूळ नाव सोडले ही चूकच म्हणायची. पण वही वाचल्यावर प्रश्न पडतो, की चूक नेमकी कोणाची? झासेत्स्की अखेरपर्यंत सांगत राहतो, की अजून वाचता येत नाही, अजून शब्द सापडत नाहीत, अजून कामाला जाता येत नाही. पुस्तक निघाले तेव्हाही तो आई आणि बहिणींच्या आधारानेच राहत होता. परत मिळाले असे म्हणण्याचा अधिकार रुग्णाचा, की डॉक्टरांचा?

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची वाटते. संशोधन इथे भरपूर आहे, शुश्रूषा मात्र पुसट आहे. लुरिया चालवत होते ते रुग्णालय जखमी सैनिकांच्या पुनर्वसनासाठीच होते. तिथे दिवसभर काय चाले, कोणते सराव कोणाला उपयोगी पडले, हे इथे ओझरतेच येते. त्याविषयी लुरियांनी १९४८ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पण या पुस्तकाच्या वाचकाला तो कुठून माहीत असणार? आणि रुग्णालयातून घरी आलेल्या जवानाला रोज वस्तूंची नावे सांगणाऱ्या, रस्ता दाखवणाऱ्या आई-बहिणी? त्या कडेलाच उभ्या राहतात. त्याची ३००० पाने लिहून होण्यात त्यांचाही वाटा आहे, हे वाचकाला स्वतःच ताडावे लागते.

मग आज हे पुस्तक कशासाठी वाचायचे? ज्या १९७१ साली ते निघाले, त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनमध्ये सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. आता यंत्रेच सारे सांगतील, असे कोणाला वाटेल. प्रत्यक्षात तसे झालेले नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००० सालापासून आपल्या ४ लाखांहून अधिक सैनिकांच्या मेंदूला इजा झाल्याची नोंद केली आहे. त्यांतल्या बहुतेक इजा ‘सौम्य’ गटात मोडतात. स्फोटाचा हादरा बसलेल्या काही सैनिकांच्या मेंदूंची मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली. त्यांत ठराविक जागी व्रण आढळले, आणि तो अभ्यास २०१६ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आला. असे व्रण जिवंतपणी नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. जखम दिसत नाही, चित्र स्वच्छ येते, आणि माणूस मात्र म्हणतो, “मी पूर्वीचा राहिलो नाही.” अशा वेळी त्याचे म्हणणे हाही पुरावाच असतो. लुरियांनी ३००० पाने पुरावा म्हणून स्वीकारली, यातच त्यांचे मोठेपण आहे.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांबरोबर हे पुस्तक वाचायचे असेल, तर एक सुचवावेसे वाटते. मधली शरीररचनेची प्रकरणे आधी घेऊ नका. प्रथम झासेत्स्कीची पाने मोठ्याने वाचू द्या आणि काय बिघडले असेल याचा तर्क मुलांनाच करू द्या. नंतर लुरियांचे स्पष्टीकरण पडताळून पाहा. शेवटी पुस्तकाला नाव कोणते द्यावे ते विचारा. आणि डोक्याला मार लागून बरा झालेला एखादा विद्यार्थी शाळेत परतल्यावर गणितात अडखळू लागला, तर ‘आळशी’ हा शेरा मारण्याआधी त्याला काय होते आहे, हे त्यालाच विचारून पाहा.