हत्तीमागून गेलेला म्हातारा

नाशकात राहून नाटका-सिनेमाविषयी लिहिणाऱ्याला ‘नटसम्राट’ची सावली चुकवता येत नाही. तात्यासाहेब शिरवाडकर आमच्या गावचे, आणि 1970 साली रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या या नाटकाने आम्हां मराठी प्रेक्षकांना एक सवय लावून ठेवली आहे. थकलेला बाप समोर दिसला, की आम्ही लागलीच कृतघ्न मुले शोधू लागतो. अप्पासाहेब बेलवलकरांचे दुःख थोर खरेच. पण त्या दुःखाला गुन्हेगार आहे, आणि गुन्हेगार सापडला की प्रेक्षक डोळे पुसून हलक्या मनाने घरी जातो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (2013) मी अलीकडे दुसऱ्यांदा पाहिला, तेव्हा ही सवय किती नडते ते कळले. इथेही म्हातारा बाप आहे, मुलगी आहे, आणि आसरा मिळतो तो रस्त्यावरच्या माणसांतच. तिथे बूटपॉलिशवाला राजा, इथे माहुताची बायको चन्नम्मा. मात्र संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री यांना कोणी घराबाहेर काढलेले नाही. त्यांना अल्झायमर झाला आहे. मुलगी इरा त्यांना मोटारीत बसवून थोडा वेळ उतरते, रस्त्याने हत्ती जातो, आणि शास्त्रीबुवा पोरासारखे त्याच्यामागून चालू लागतात. आता दोष कोणाला द्यायचा?

शास्त्रीबुवांची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी विस्मृतीचा अभिनय म्हणून कुठे डोळे फिरवले नाहीत. हरवलेल्या माणसाचे कुतूहल तेवढे ठेवले. अमृता सुभाष यांच्या चन्नम्माला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच. शास्त्रीबुवा तिला आई समजू लागतात, आणि ती ते खोडून काढीत नाही. त्यांना जेवू घालते, जवळ घेते. या रोगाला बरे करणारे औषध अजून नाही. तेव्हा हे भरवणे आणि हे न खोडणे हाच उपचाराचा मोठा भाग, हे चित्रपट एकही व्याख्यान न देता सांगतो.

इथवर माझी स्तुती निर्वेध चालली असती. पण आमच्या घरी आईची स्मृती गेली सहा वर्षे विरत चालली आहे, आणि चित्रपट मी सौ.च्या शेजारी बसून पाहिला. ती म्हणाली, “एका दिवसाची आई मीही झाले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी चन्नम्माला त्यांचं धोतर बदलावं लागलं असतं, मग बघायचं होतं.”

टीकाकार म्हणून मला हे आधी सुचायला हवे होते. इराचा थकवा आणि तिची अपराधी भावना चित्रपट प्रामाणिकपणे दाखवतो. पण त्याचे सारे काव्य चन्नम्माच्या वाट्याला जाते. गरिबाच्या झोपडीत माया आपोआप उगवते, ही समजूत ‘नटसम्राट’मधून इथवर चालत आली आहे. इराला त्या मायेचा आदर्श मिळतो. दुपारचे दोन तास मोकळे मिळत नाहीत. अशा घरांसाठी 1992 साली कोचीनला अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, ती रुग्णाइतकीच त्याला सांभाळणाऱ्यासाठी. ही बाजू पडद्यावर यायची आहे. (आणि आमच्या घरात यायलाही सहा वर्षे लागली, हे कबूल केले पाहिजे. मी ओसरीवर बसून परीक्षणे लिहीत होतो.)

दिवाळीत आमच्याकडे फराळाला माणसे येतात आणि प्रेमापोटी आईची परीक्षा घेतात : “काकू, मला ओळखलंत? सांगा बरं मी कोण?” आई हसते, मग घाबरते, मग रात्रभर झोपत नाही. गेल्या वर्षीपासून आम्ही पाहुण्यांना दारातच विनवतो, की आधी आपले नाव सांगावे आणि मग चकली घ्यावी. दोघे रागावले. वाचकहो, त्यांतला एक माझा सख्खा मामेभाऊ!

एरवी अंघोळीला आई हात उगारते. नरक चतुर्दशीच्या पहाटे मात्र उटण्याचा वास आला आणि ती निमूट पाटावर बसली. सौ. तेल चोळू लागली तेव्हा तिला म्हणाली, “वहिनी, हळू.” आईच्या वहिनीला जाऊन तीस वर्षे झाली. सौ. म्हणाली, “हो, हळूच चोळते.”

यंदा तेल मी चोळणार, असे मी जाहीर केले आहे. “आधी त्यांना पाणी किती कढत लागतं ते शिकून घ्या,” सौ. म्हणाली.