आकृतीत न सापडणारी उत्तरे

दहावीच्या आसपासचे शास्त्राचे कोणतेही पुस्तक घ्या आणि मानवी प्रजननसंस्थेचे पान उघडा. पुरुष प्रजननसंस्थेची आकृती बहुधा बाजूने घेतलेल्या छेदाची असते. मूत्राशय, पुरःस्थ ग्रंथी, शुक्रवाहिनी, शिश्न, वृषण, वृषणकोश. प्रत्येकापासून एकेक रेघ आणि रेघेच्या टोकाला नाव. परीक्षेत हीच आकृती येते, मुले नावे देतात, गुण मिळतात.

आकृती चुकीची आहे असे माझे म्हणणे नाही. पण ज्या शाळांत प्रश्नपेटी ठेवतात तिथल्या मुलग्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या, तर त्यांतल्या जवळजवळ एकाही प्रश्नाचे उत्तर या आकृतीत सापडत नाही. मुलांना नावे विचारायचीच नसतात. ‘मला अजून का नाही?’, ‘माझे त्याच्यासारखे का नाही?’ आणि ‘दुखते आहे, काय करू?’ हे त्यांचे प्रश्न. आकृतीतला पुरुष मात्र कायमचा पंचविशीतला, प्रमाणबद्ध आणि निरोगी.

साधी गोष्ट पाहा. बाजूच्या छेदात वृषण एकच दिसतो. काही पुस्तके समोरून काढलेली आकृतीही देतात. तिच्यात दोन्ही वृषण एकाच पातळीवर, कंपासाने काढल्यासारखे असतात. प्रत्यक्षात बहुतेक पुरुषांत एक वृषण, आणि बहुधा डावा, थोडा खाली असतो. आकारातही किंचित फरक असू शकतो. ही गोष्ट आंघोळ करताना प्रत्येक मुलाच्या लक्षात येते, आणि पुस्तकाशी ताडून पाहिल्यावर तो आपल्यातच काही खोट आहे असे समजतो. चित्रकाराने एक वृषण अर्धा सेंटिमीटर खाली काढला असता तर शेकडो चिठ्ठ्या लिहिल्याच गेल्या नसत्या.

दुसरा एक प्रश्न मला फार आवडतो. वृषणकोशाच्या मधोमध शिवण असल्यासारखी रेषा दिसते. लहानपणी माझे ऑपरेशन झाले होते का? मुलाचे निरीक्षण अचूक आहे. ती शिवणच आहे, फक्त ती डॉक्टरांनी घातलेली नाही. गर्भाच्या साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत मुलगा आणि मुलगी यांची बाह्य जननेंद्रिये एकसारखी असतात. एक लहानसा उंचवटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घड्या. वाय गुणसूत्रावरील एसआरवाय या जनुकामुळे (हा १९९० साली लंडनमधील संशोधकांनी शोधला) गर्भातील जननग्रंथींचे वृषण बनतात, वृषणांतून संप्रेरके स्रवतात आणि त्यांच्या प्रभावाने त्या उंचवट्याचे शिश्न होते. दोन्ही घड्या मध्यरेषेवर जुळून वृषणकोश तयार होतो. ती जुळणी झाल्याची खूण म्हणजे ही रेषा. मुलीत त्याच घड्या न जुळता राहतात. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड जोस्ट यांनी १९४७ मध्ये सशाच्या गर्भातील जननग्रंथी काढून टाकल्या, तेव्हा नर गर्भांचीही पुढील वाढ मादीसारखी झाली. एवढी सुंदर जीवशास्त्रीय कथा मुलाच्या स्वतःच्या अंगावर लिहिलेली आहे आणि पुस्तक तिथे ‘वृषणकोश’ एवढा शब्द छापून पुढे जाते!

आता वेळेकडे वळू. वयात येण्याविषयी पुस्तकात दाढी-मिशा, आवाज फुटणे, उंची वाढणे अशी यादी असते. या यादीत सुरुवातच गळलेली आहे. मुलग्यात पहिला बदल वृषणांच्या आकारात होतो. स्वित्झर्लंडमधील आंद्रेआ प्राडर यांनी तो मोजण्यासाठी १ ते २५ मिलिलिटर आकारमानाच्या अंडाकृती मण्यांची एक माळ तयार केली; ४ मिलिलिटरचा मणी जुळला की वयात येणे सुरू झाले असे डॉक्टर मानतात. आवाज आणि मिसरूड ही बरीच नंतरची स्थानके. साहजिकच ज्या मुलाला मिसरूड फुटलेले नाही तो गाडी चुकली असे समजतो, तेव्हा खरे तर गाडी सुटून वर्ष उलटलेले असते.

मार्शल आणि टॅनर यांनी १९७० मध्ये २२८ इंग्लिश मुलग्यांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. शंभरांतील ९५ मुलांत जननेंद्रियांची वाढ साडेनऊ ते साडेतेरा या वयात सुरू झाली होती. ती पूर्ण व्हायला कोणाला १.८ वर्षे लागली, तर कोणाला ४.७. म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या, एकाच वयाच्या दोन मुलांत एकाची वाढ संपलेली आणि दुसऱ्याची सुरूही न झालेली, असे असू शकते आणि दोघेही निरोगी असतात. हे आकडे परदेशी आहेत, आहारानुसार ते थोडे इकडे-तिकडे होतील. पण फरकाचा पट्टा रुंद असतो, ही गोष्ट बदलत नाही. चौदा वर्षे पूर्ण होऊनही काहीच बदल नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

शिश्नाच्या लांबीचा प्रश्न प्रत्येक पेटीत असतोच. प्रौढांच्या सरासरीचे आकडे उपलब्ध आहेत. ते वर्गात सांगू नयेत असे माझे मत आहे. सरासरी सांगितली की मुले फूटपट्टी घेऊन बसतात, आणि वाढ पूर्ण न झालेल्या शरीराची प्रौढांशी तुलना करून निष्कारण खंतावतात. शिश्नाच्या टोकावरील कातडीबद्दलही असेच. लहान मुलांत ती मागे जात नाही, हे नैसर्गिक आहे. जेकब ओस्टर यांनी १९६८ मध्ये डॅनिश शाळकरी मुलांबद्दल लिहिले, त्यानुसार वय वाढते तशी ती आपोआप सुटी होते. तेल लावून ती जबरदस्तीने मागे ओढण्याची काही घरांतली पद्धत अपायकारक आहे.

माझा सर्वांत मोठा आक्षेप पुढे आहे. रक्ताच्या चाळीस थेंबांपासून वीर्याचा एक थेंब होतो, तो गेला की शक्ती गेली, ही समजूत रेल्वेलगतच्या भिंतींवरील ‘गुप्तरोग’वाल्यांच्या जाहिरातींनी जिवंत ठेवली आहे. या भीतीने खचलेल्या रुग्णांचे वर्णन डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात’ या नावाने वैद्यकात आणले. गंमत म्हणजे तिचे खंडन करणारी सामग्री आपल्या आकृतीतच आहे. शुक्राशय आणि पुरःस्थ ग्रंथी दाखवलेल्या असतात. वीर्याचा बहुतांश भाग त्यांचाच स्राव असतो. एका वेळचे प्रमाण दीड ते पाच मिलिलिटर, म्हणजे फार तर एक चमचा. शुक्राणू सतत तयार होत असतात. लाळेचे किंवा घामाचे जसे, तसेच हे. पण पुस्तक हा निष्कर्ष काढत नाही, आणि झोपेत वीर्य जाण्याला आपण अजूनही ‘स्वप्नदोष’ म्हणतो. त्यात दोष कसला?

र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’मधून असल्या प्रश्नांची सरळ उत्तरे देत होते आणि त्यासाठी खटलेही सोसत होते, १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पुढे २००७ मध्ये महाराष्ट्रात शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी आली. आकृती तेवढी पुस्तकात राहिली.

आणि दुखण्याबद्दल तर आकृती पूर्ण गप्प आहे. दोरीसारख्या ज्या जुडग्याला वृषण टांगलेला असतो, त्यातच त्याच्या रक्तवाहिन्या असतात. काही मुलांत वृषण जरा सैल टांगलेला असतो आणि अचानक पीळ बसून रक्तपुरवठा थांबतो. बारा ते अठरा हे याचे मुख्य वय. एकाएकी जोराची कळ येते, कधी झोपेतून जाग येते, उलटी होते. अनेकदा मुलगा लाजेपोटी ‘पोटात दुखते’ एवढेच सांगतो, ओव्याचा काढा घेऊन पडून राहतो. सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचतो. चोवीस तासांनंतर तो क्वचितच वाचतो. म्हणून पोटात दुखते म्हणणाऱ्या मुलग्याला शिक्षकांनी एकांतात, आवाज खाली ठेवून, ‘खालीही दुखते का?’ असे विचारावे. हो म्हणाला तर शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे. गावात सोनोग्राफी नसेल तर तिच्यासाठी थांबू नये, आणि भूल द्यावी लागू शकते म्हणून वाटेत त्याला काही खायला-प्यायला देऊ नये.