कचऱ्याचे सौंदर्य आणि खराट्याची जात

अरुण कोलटकरांविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते 'जेजुरी'पाशी (१९७६) थांबते. त्यांच्या 'काळा घोडा पोएम्स' (२००४) या इंग्रजी संग्रहाची मात्र दलित समीक्षेने जितकी झडती घ्यायला हवी होती, तितकी घेतली असे मला वाटत नाही. आपल्या दृष्टीने खरा प्रश्न तिथेच आहे.

कोलटकर जे. जे.मध्ये शिकलेले, जाहिरातव्यवसायातले नाणावलेले संकल्पनकार. विकाऊ वस्तू उजेडात मांडायची आणि बाकीचे जग चौकटीबाहेर ढकलायचे, हा त्या व्यवसायाचा धर्म. कवी कोलटकरांनी ही चौकटच उलटी धरली. मुंबईच्या काळा घोडा चौकातील 'वेसाइड इन'च्या टेबलावर बसून त्यांनी समोरचा रस्ता पाहिला. एडवर्ड राजाचा पुतळा तिथून १९६५ साली हलवला गेला होता. राजा गेलेल्या त्या चौकात कोलटकरांनी गावठी कुत्रे, सायकलचा जुना टायर, उंदराच्या औषधाचा फिरता जाहिरातदार आणि फुटपाथवरच्या बायका-पोरांना बसवले. त्यांना कीव दाखवली नाही, उपदेशही केला नाही. मध्यमवर्गीय अभिरुचीला ही चपराक आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे.

पण याच संग्रहातील 'मीरा' ही कविता घ्या. रस्ता झाडणारी बाई कचरागाडीत उभी राहून कचरा तुडवते आणि कवीला ती देवापुढे नाचणारी मीरा दिसते. तिचा झाडू वाद्य होतो. प्रतिमा विलक्षण आहे. तरीही मी विचारतो : ही बाई गाडीत चढली कशी? भक्तीने नव्हे. तिला तिथे जातीने चढवले. जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावले होते. ज्या कामाला परंपरेने बळजबरीने जुंपले, त्याला भक्तीचा साज चढला की घाण सुंदर होते, पण बळजबरी दिसेनाशी होते.

नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'त (१९७२) हीच मुंबई आहे. तिथे मात्र खिडकी नाही. कवी त्या घाणीतच उभा आहे आणि ती कोणी केली याचा जाब मागतो आहे. मी कोलटकरांकडे जातीचा दाखला मागत नाही. खिडकीतून प्रामाणिकपणे पाहता येते, हे त्यांनी सिद्ध केले. मात्र काम संपल्यावर खराटा ज्या वस्तीत परततो, तिथवर त्या खिडकीची नजर पोहोचत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्या धुळ्याच्या कॉ. शरद पाटलांनी 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' (१९८८) लिहून सौंदर्य कोणाचे, हा प्रश्न खानदेशातूनच ऐरणीवर आणला. तो पुढे न्यायचा तर मुंबईकडे बोट दाखवून भागणार नाही. वरणगावात आणि शेजारच्या भुसावळात पहाटे खराटे घेऊन निघणारी माणसे कोणत्या वस्तीतून निघतात, हे कोणाला विचारावे लागत नाही. विचारावे लागत नाही, म्हणूनच ते लिहिले जात नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी कोलटकरांची सूक्ष्म नजर जरूर घ्यावी. ढसाळांचा जाब तर घ्यावाच. आणि मग त्या वस्तीतून रस्त्याकडे पाहावे. तिथून कचऱ्यात मीरा दिसणार नाही. कचरा करणारे दिसतील.